कॅबिनेटच्या प्लास्टिकला टिकाऊ क्रोम फिनिश: दिवाळी ते मार्च

माझ्याकडे कॉम्प्युटरचं एक जुनं टॉवर कॅबिनेट आहे. पत्रा जाड, आत जागा भरपूर, हवा खेळती राहते, फक्त पुढचं प्लास्टिकचं पॅनल उन्हानं पिवळं पडलेलं. नवीन मशीन त्यातच बसवायचं ठरलं तेव्हाच डोक्यात होतं की पुढचं तोंड आरशासारखं क्रोम करायचं, आणि नुसतं फोटोपुरतं नाही, रोज हात लागला, घाम लागला, पावसाळा गेला तरी टिकलं पाहिजे. दिवाळीची सुट्टी लागली तसं काम काढलं आणि मार्चमध्ये संपलं. आता एक अख्खा पावसाळा काढून झालाय म्हणून लिहितोय, कारण मी सुरुवात केली तेव्हा कोणाकडे जायचं, काय विचारायचं, काहीच कळत नव्हतं.

सगळ्यात आधी पार्ट उलटा करून आतली खूण बघा. मोल्डिंगमध्येच बारीक अक्षरं असतात, टॉर्च तिरका धरला की दिसतात. माझ्या पुढच्या पॅनलवर एबीएस होतं, ड्राइव्ह बेच्या पट्ट्यांवर (सीडी ड्राइव्हच्या रिकाम्या खाचा झाकतात त्या) एचआयपीएस, म्हणजे हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन, आणि खालच्या पायांवर पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. एकाच कॅबिनेटला तीन प्लास्टिकं, आणि पुढे प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच आला की मटेरियल काय आहे. खूण नसेल तर आतला छोटा तुकडा पाण्यात टाकून बघा, पीपी तरंगतं, बाकीची दोन्ही बुडतात. पीपीवर कुठलाच रंग सहज धरत नाही, त्याला वेगळा अ‍ॅडिजन प्रमोटर (रंग चिकटवणारं खास अस्तर) लागतो, म्हणून पाय मी काळेच ठेवायचं तेव्हाच ठरवलं, तसेही ते फरशीवर घासणारच.

दुसरी गोष्ट, एखादी पट्टी जास्तीची असेल तर ती जपा. मला त्याच मॉडेलच्या भंगारातल्या कॅबिनेटच्या ड्राइव्ह बेच्या पट्ट्या लॅमिंग्टन रोडला फुटकळ पैशात मिळाल्या. रंगाच्या सगळ्या चाचण्या त्यांच्यावर झाल्या, खऱ्या पॅनलवर जानेवारीपर्यंत घासकाम किंवा रंग काहीच केलं नाही.

घरी आधी दोन सोपे प्रकार करून बघितले. बाजारात क्रोम म्हणून मिळणारा स्प्रेचा डबा, तीन-चारशे रुपयांचा. मारल्या मारल्या छान दिसतो, वाळला की चंदेरी-राखाडी होतो आणि बोट फिरवलं की बोटाला चंदेरी लागतं. मग स्केल मॉडेल बनवणारे वापरतात ती अल्कोहोल बेस असलेली क्रोम शाई, खाली चकचकीत काळा रंग देऊन. ही खरंच आरशासारखी दिसते, माझा चेहरा स्पष्ट दिसत होता, पण नखानं निघते, आणि वरून क्लिअर (पारदर्शक संरक्षक रंग) मारला की आरसा जाऊन नुसतं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं उरतं. कारण असं की या रंगात धातूचे अतिशय बारीक पापुद्रे असतात, ते वर तरंगत येऊन एकमेकांना चिकटून आडवे बसतात म्हणून चमक येते, आणि क्लिअरमधला सॉल्व्हंट त्यांना परत हलवतो. आठवडाभर वाळवून, अगदी पातळ पातळ हात मारूनही बघितलं, थोडा फरक पडला, पण मंद झालंच. शोकेसमध्ये ठेवायच्या वस्तूला हे चालेल. ज्याचं पॉवर बटण दिवसातून चारदा दाबलं जातं त्याला नाही.

आमच्या डोंबिवलीतल्याच गाड्या मॉडिफाय करणाऱ्या एका गॅरेजवाल्यानं स्प्रे क्रोम सुचवलं. यात सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण आणि रिड्यूसर (त्यातली चांदी सुटी करणारं रसायन) एकाच वेळी दोन नॉझलच्या गननं मारतात आणि पृष्ठभागावर खऱ्या चांदीचा थर बसतो, आरसे करायची जुनी पद्धत तीच. दिसायला अप्रतिम, चांदीची किंचित उबदार झाक. पण त्याच्याकडचा वर्षभर जुना नमुना कडेनं पिवळट झाला होता, वरचा क्लिअर जिथे पातळ तिथे चांदी काळवंडायला लागते. किट आणून घरी करायचा विचार सोडला त्याचं कारण वेगळं, अमोनिया घातलेलं सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण साठवून ठेवलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो, ते लागेल तेवढंच करून लगेच संपवायचं असतं. फ्लॅटच्या बाल्कनीत हे करू नका, मनापासून सांगतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला अंबरनाथ एमआयडीसीत प्लास्टिकवर प्लेटिंग करणाऱ्याकडे गेलो. माझी पक्की समजूत होती की टिकाऊ म्हणजे प्लेटिंगच, नळाच्या मुठी, गाडीची ग्रिल यावर असतं ते. तिथले काका चाळीसेक वर्षं याच धंद्यात, त्यांनी पॅनल हातात घेऊन आधी वास घेतला, मग वाकवून बघितलं आणि म्हणाले, "एबीएस आहे, पण जुनं आहे हो हे." मग त्यांनी आतली एक न दिसणारी टॅब कापायची परवानगी मागितली आणि ती ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये काही मिनिटं बुडवून, धुऊन, वाळवून माझ्यासमोर धरली. टॅबच्या मुळाशी पांढऱ्या केसासारख्या रेषा उठल्या होत्या. मोल्डिंग करताना प्लास्टिकमध्ये जो ताण राहून जातो तो असा बाहेर दिसतो, आणि जिथे ताण असतो तिथे प्लेटिंग धरत नाही, धरलं तरी पुढे फुगतं.

मग त्यांनी सगळी लाइन दाखवली. एबीएसमध्ये ब्युटाडाइन रबराचे बारीक कण असतात. क्रोमिक आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या साठ-सत्तर डिग्री तापमानाच्या टाकीत ते कण खाल्ले जातात आणि सूक्ष्म खड्डे पडतात, धातू पकड घेतो ती त्या खड्ड्यांत. त्यानंतर पॅलेडियम धातूचे कण, मग करंटशिवाय बसणारं निकेल, मग करंट लावून तांबं, परत निकेल आणि सगळ्यात वर क्रोम, ते एक मायक्रॉनसुद्धा नसतं. ज्याला आपण क्रोम म्हणतो त्यातली बहुतेक जाडी तांब्या-निकेलची. आणि म्हणूनच पुट्टी, प्रायमर, रंग यांवर हे काम होतच नाही, उघडंच एबीएस लागतं. माझ्या पॅनलला दाणेदार टेक्स्चर होतं, एका कोपऱ्याला खोक होती, ती भरायची तर प्लेटिंग नाही आणि नाही भरायची तर क्रोमखाली दहापट उठून दिसणार. एचआयपीएसच्या पट्ट्यांना ते हातच लावत नाहीत. शिवाय सुट्या एका नगासाठी रॅक बनवायचा, टाकी अडवायची, हा खर्च त्यांना परवडत नाही. प्लेटिंगचे कारखाने प्रदूषणाच्या हिशोबात रेड कॅटेगरीत (सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत) मोडतात, टाकीतलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरकारक आहे, टाकीतल्या प्रत्येक लिटरचा हिशोब ठेवावा लागतो. त्यांनी काम नाकारलं, पण ज्या आपुलकीनं समजावलं त्यानं माझे पुढचे दोन महिने वाचले. निघताना म्हणाले, "तुम्ही व्हॅक्यूमवाल्याकडे जा, अत्तराच्या बाटल्यांची झाकणं करतात ना, ते."

व्हॅक्यूम मेटलायझिंग. कॉस्मेटिकची झाकणं, ट्रॉफी, गाडीच्या हेडलाइटमधले रिफ्लेक्टर, हे सगळं त्यानंच होतं. आधी बेस कोट, तो पृष्ठभाग काचेसारखा सपाट करतो. मग पार्ट बंद चेंबरमध्ये, हवा काढून घ्यायची, टंगस्टनच्या फिलामेंटवर लावलेले अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे तापून वितळतात, वाफ होते आणि फिरणाऱ्या पार्टवर बसते. थर इतका पातळ की कापसानंसुद्धा पुसला जातो, म्हणून वर टॉप कोट. इथे मला या सगळ्या प्रकाराचं मर्म कळलं. चमक ठरते खालच्या पृष्ठभागावर, टिकाऊपणा ठरतो वरच्या क्लिअरवर. मधला धातू कुणीही बसवून देतो. त्यामुळे कुठेही गेलात तर क्रोम कसं करता हे नंतर विचारा, आधी विचारा की वर काय मारता.

हे काम करणाऱ्या पहिल्या युनिटनं, म्हणजे छोट्या कारखान्यानं, पट्टीवर नमुना करून दिला, दिसायला उत्तम. घरी आणून कटरनं उभ्या-आडव्या बारीक रेघा मारल्या, मिलिमीटरभर अंतरानं, खाली प्लास्टिक लागेपर्यंत, त्यावर चांगली चिकट टेप नखानं दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. अर्ध्याहून जास्त चौकोन टेपबरोबर आले, मागे काळं प्लास्टिक. फोन केला तर समोरून उत्तर, "कटर मारल्यावर निघणारच." असं नाही. नीट बसलेल्या कोटिंगचे चौकोन कटर मारूनही जागेवर राहतात, रंगाच्या धंद्यात ही रोजची चाचणी आहे. आगाऊ दिलेले सहाशे रुपये परत मिळाले नाहीत. म्हणूनच म्हणतो, नमुना आधी, तोही स्वतःच्या पट्टीवर, आणि चाचणी घरी आणून स्वतः करायची.

दुसरं युनिट वसई पूर्वेला सापडलं. कोपरहून दिवा-वसई मेमू पकडायची, गाड्या मोजक्या असतात म्हणून वेळापत्रक बघूनच निघा आणि जाण्याआधी फोन करून त्यांची साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या. इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटवर एक गोष्ट नक्की करा: पार्ट आत नेताना सिक्युरिटीच्या वहीत नोंद करून घ्या, किती नग, काय वर्णन, सही. नाहीतर परत बाहेर काढताना गेट पास मागतात आणि तो द्यायला ज्याची सही लागते तो माणूस नेमका जेवायला गेलेला असतो.

तिथल्या मॅडमनी पहिल्यांदाच मला एवढे प्रश्न विचारले. मटेरियल काय, हाताळणी किती, उन्हात राहणार का, खोल खाचा आहेत का. मी म्हटलं यूव्ही (अल्ट्राव्हायोलेट दिव्यानं पक्का होणारा) टॉप कोट हवाय, मी वाचून गेलो होतो की तो सगळ्यात कडक असतो. त्यांनी पॅनलच्या हवेच्या जाळीकडे बोट दाखवलं. यूव्ही कोट दिव्याखाली पक्का होतो, दिव्याचा उजेड जिथे पोचत नाही त्या खाचेत तो चिकटच राहतो. माझ्या जाळीच्या पट्ट्या एकामागे एक, तिरक्या, आत उजेड जाणारच नाही. त्यामुळे हार्डनर मिसळायचा दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, साठ डिग्रीच्या आत भट्टीत. त्याहून जास्त तापवलं तर एवढं मोठं पातळ पॅनल वाकायची भीती. मला हे पटलं. नमुन्याची पट्टी आठवड्यानं मिळाली, टेपची चाचणी केली, एकही चौकोन हलला नाही.

मग कागद. मिनिमम लॉटचा चार्ज साडेतीन हजार, जीएसटी वेगळा, एक नग द्या नाहीतर पंधरा. जीएसटी नंबर विचारला, नाही म्हटल्यावर माझ्या नावानं साधं बिल केलं, त्यानं काही अडत नाही. चलन दोन प्रतींत, त्यावर त्यांनी लिहून घेतलं की जुना आणि पार्टीनं (म्हणजे मी) प्रायमर मारलेला जॉब आहे, रिझल्टची जबाबदारी पार्टीची. सुरुवातीला सही करायला जीवावर आलं, पण त्यांचं म्हणणं रास्त होतं, माझी तयारी वाईट असेल तर त्यांचा कोट तिला वाचवू शकत नाही. मी त्यात दोन ओळी वाढवून घेतल्या: टॉप कोट पीयू असेल, आणि मागची बाजू, क्लिपा व स्क्रूचे खांब मास्क केलेले असतील. तुम्हीही घ्या, तोंडी ठरलेलं शॉप फ्लोअरवरच्या मुलापर्यंत पोचत नाही.

आता तयारी, सगळा जानेवारी यात गेला आणि खरं काम हेच. पॅनल भांड्यांच्या साबणानं कोमट पाण्यात धुतलं, दाते घासायच्या ब्रशनं जाळी साफ केली, वाळल्यावर आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसलं. थिनर अजिबात नको, एबीएसला तो खातो. टेक्स्चर घालवायला चारशे नंबरचा वॉटर पेपर, रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळून, नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या आकाराच्या लाटा पडतात आणि त्या क्रोममध्ये दिसतात. खोक भरायला साधी एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी वापरू नका असं मॅडमनी बजावलं होतं, तिच्यात अडकलेला सॉल्व्हंट व्हॅक्यूममध्ये बाहेर येतो आणि वर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. दोन भागांची पॉलिस्टर पुट्टी, वर दोन भागांचा पीयू प्रायमर. हा प्रायमर मारताना साधा एन ९५ चालत नाही, हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, ऑरगॅनिक व्हेपरचं (रसायनांची वाफ शोषणारं) कार्ट्रिज आणि त्यावर कणांचं फिल्टर असलेला मास्क घ्या, मला हजार-बाराशेला मिळाला. मी गच्चीवर, सकाळी दहानंतर, दव उडाल्यावर मारला. हे काम हिवाळ्यातच करा, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत फिनिश बिघडायची भीती असते.

प्रायमरवर परत सहाशे, आठशे, हजार. प्रायमर मॅट असतो, त्यामुळे दोष दिसत नाहीत. तर पॅनल ओलं करायचं, तिरकं धरायचं आणि खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब पाण्याच्या थरात बघायचं. गज सरळ दिसले की तिथे काम झालं. माझ्या पॅनलवर पॉवर बटणाच्या डाव्या बाजूला एक गज दर वेळी किंचित आत वाकायचा, हात फिरवला तर काहीच लागत नव्हतं, पण गज वाकायचाच. मोल्डिंगमध्ये मागे जाड पट्टी असते तिथे पुढून प्लास्टिक खाली बसलेलं असतं, त्याचा तो खळगा. तीन-चार संध्याकाळी फक्त त्या दोन इंचांवर गेल्या. रात्री झोपताना डोळ्यांसमोर तो गज यायचा. शेवटी सरळ झाला तेव्हा आईला बोलावून दाखवला.

क्लिपा आणि खांब मी स्वतःच पिवळ्या कॅप्टॉन टेपनं (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) झाकून दिले. कारण साधं आहे, क्लिपांवर थर चढला की त्या घट्ट होतात आणि बसवताना तुटतात, आणि यूएसबीच्या बोर्डाजवळ धातूचा थर नकोच. प्रायमर पूर्ण पक्का व्हायला दोन आठवडे ठेवलं आणि फेब्रुवारीच्या मध्यावर दिलं.

सांगितले होते आठ दिवस. गेले तीन आठवडे. माझा एक नग ते दुसऱ्या कुणाच्या झाकणांच्या बॅचबरोबर चेंबरमध्ये घालणार होते, आणि त्या पार्टीचा माल उशिरा आला. रोज फोन करावासा वाटायचा, पण दर सोमवारी एकदाच करायचा असं ठरवलं, आणि प्रत्येक वेळी नीट उत्तर मिळालं. ज्या दिवशी भरणार होते त्या दिवशी मुद्दाम गेलो. चेंबरच्या गोल काचेतून बघू दिलं. आत काळोख, जिगवर (पार्ट अडकवायच्या चौकटीवर) माझं पॅनल सावकाश फिरतंय, पंप बराच वेळ चालला, मग फिलामेंट लाल, पांढरी झाली आणि काही सेकंदांत समोरची काच आतून आरसा झाली, पुढचं काही दिसेना. दार उघडलं तेव्हा पॅनल असं होतं की त्याचा स्वतःचा रंगच उरला नव्हता, समोर उभ्या असलेल्या मुलाचा निळा शर्ट तेवढा दिसत होता. मी हात पुढे केला तर त्यानं माझं मनगट पकडलं, "दादा, अजून टॉप कोट बाकी आहे."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ताब्यात मिळालं. घेतानाच ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघा. खालच्या कडेला धुळीचे दोन बारीक कण होते, ते मी चालवून घेतले, परत करायचं म्हणजे पुन्हा सोलून शून्यापासून. तिथल्या मुलानं बबल रॅपमध्ये गुंडाळायला घेतलं तर मॅडमनी थांबवलं, कोट ताजा असताना बबलचे गोल ठसे उमटतात. मऊ सुती कापडात गुंडाळून खोक्यात उभं ठेवून आणलं, मेमूत मांडीवर. घरी आणून आणखी आठवडाभर हात लावला नाही.

ड्राइव्ह बेच्या पट्ट्या त्याच लॉटमध्ये केल्यामुळे रंगाची झाक एक आली. हे महत्त्वाचं आहे, प्लेटिंगचं क्रोम निळसर दिसतं, अ‍ॅल्युमिनियम पांढरं आणि चांदी उबदार, शेजारी शेजारी ठेवली तर लगेच कळतं. पॉवर बटण मात्र मॅट काळंच ठेवलं. बोटाचा घाम रोज त्याच एका जागी लागणार, आणि आरशात एक काळा ठिपका मला दिसायलाही आवडतो.

जोडण्याआधी मल्टिमीटरनं यूएसबीच्या धातूच्या कडा आणि पॅनल यांच्यात कंटिन्युइटी (वीज वाहील असा संपर्क) नाही हे तपासलं. वायफायचे अँटेना मागे आहेत म्हणून प्रश्न आला नाही, तुमचे पुढच्या पॅनलमागे असतील तर आधी विचार करा, धातूच्या थरामागे सिग्नल कमी होऊ शकतो.

एकूण खर्च, फुकट गेलेले सहाशे, मास्क, प्रायमर, पेपर, येणं-जाणं धरून साडेआठ हजारांच्या आसपास. यात नवीन कॅबिनेट आलं असतं, पण हे नसतं आलं.

आता गणपती होऊन गेलेत. पुसायला फक्त मायक्रोफायबर आणि सौम्य साबणाचं पातळ पाणी, काच पुसायचे स्प्रे नाहीत, कडेला कुठे टॉप कोट उडाला असेल तर अमोनियासारखा अल्कली पदार्थ असलेलं काहीही अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतं. नखाचे ओरखडे नाहीत, पिवळेपणा नाही, फुगवटा नाही. एकाच जागी झीज दिसली, पुढच्या यूएसबी पोर्टच्या कडेला, पेन ड्राइव्ह लावताना त्याचा पत्रा जिथे घासतो तिथे तांदळाच्या दाण्याएवढं काळं झालंय. तिथे मोबाइलच्या स्क्रीनला लावतात तसली पारदर्शक फिल्म कापून चिकटवली, त्यानंतर वाढलेलं नाही. तुम्ही करणार असाल तर ती फिल्म पहिल्याच दिवशी लावा. वरचं झाकण या हिवाळ्यात करायचंय. त्याच्या आत पीसी (पॉलिकार्बोनेट) आणि एबीएस अशी दोन्हींची खूण आहे, त्याचा एक तुकडा कापून नमुन्यासाठी वसईला पाठवलाय.